बुद्धीच्या बाटलीचा इतिहास



परीक्षा नुकत्याच संपल्या आहेत. परीक्षेच्या आधीचे दोन महिने आपल्या कुरुंदवाडच्या कोणत्याही औषधाच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहिले, तर एक वाक्य हटकून कानी पडते : "पोरगं वाचतंय, पण डोस्क्यात काय ऱ्हात न्हाई बघा. कायतरी टॉनिक द्या." दुकानदार फळीवरची बाटली काढून देतो. बाटलीवर चष्मा लावलेल्या हुशार मुलाचे चित्र असते. अलीकडे त्याच फळीवर मोठ्या माणसांसाठी गोळ्यांच्या डब्याही आल्या आहेत. त्यांना 'नूट्रॉपिक' असे भारदस्त नाव आहे. नाव नवे आहे, पण मागणी फार जुनी. त्या मागणीचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

आम्ही वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. आठवीत शाळा सुटली आणि आम्ही इचलकरंजीस यंत्रमागावर लागलो. पुढे युनियनचे काम अंगावर पडले. जे काही शिकलो ते वाचनालयाच्या पुस्तकांतून आणि कामगारांच्या घरांतून. हा विषय आम्हांला अशाच एका घरात सापडला. आमच्या एका सोबत्याचा मुलगा दहावीला होता. बापाने आठवड्याच्या पगारातला मोठा भाग खर्चून बुद्धिवर्धक बाटली आणली आणि आम्हांला दाखवून विचारले, "आण्णा, ही चांगली हाय का?" तीस वर्षे मजुरीच्या दरांवर भांडणारे आम्ही, पण या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधावयास आम्ही निघालो.

प्रथम आपल्या घरचेच पाहू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात बुद्धीला हितकर अशी चार मेध्य रसायने सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा रस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. सुश्रुतानेही मेधा आणि आयुष्य यांसाठी एक अध्याय खर्ची घातला असून त्यात ब्राह्मीचे प्रयोग आहेत. येथेच एक घोटाळा ध्यानात ठेवावा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ज्या गोल, वाटोळ्या पानांच्या वेलीला ब्राह्मी म्हणतात, ती खरी मंडूकपर्णी. तिलाच कारिवणा असेही नाव आहे. दुसरी, लहान मांसल पानांची आणि पाणथळ जागी वाढणारी, ती नीरब्राह्मी. दोन्ही वनस्पतींना ओल लागते, दोन्ही ब्राह्मी या नावाने विकल्या जातात, पण त्यांच्या अंगचे रस वेगळे आहेत. तेव्हा बाटलीवर नुसते 'ब्राह्मी' लिहिले असेल, तर आत काय आहे हे निम्मेच कळले असे समजावे.

पण चरकातली आम्हांला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट वनस्पतींच्या यादीत नाही. त्याच रसायनाच्या प्रकरणात पुढे आचाररसायन सांगितले आहे. जो खरे बोलतो, रागाला आवरतो, फार शिणत नाही, ज्याचे जागणे आणि झोपणे प्रमाणात आहे, जो नित्य दूधतूप घेतो, त्याला औषधाशिवायही रसायनाचे फळ मिळते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे जुन्या वैद्याने पाला आणि झोप एकाच पुडीत बांधली होती. पुढच्या काळात पाला बाटलीत गेला आणि झोप बाहेर राहिली. ती कशी राहिली, तोच या इतिहासाचा गाभा आहे.

एकोणिसाव्या शतकात औषध घरच्या खलबत्त्यातून कारखान्यात गेले. आपल्याकडे पनवेलचा धूतपापेश्वर कारखाना १८७२ सालचा. त्याच सुमारास युरोपात मेंदूविषयी नवे विचार निघाले होते. मोलेशॉट नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने फॉस्फरसावाचून विचार नाही अशा अर्थाचे विधान केले, आणि त्या एका विधानाच्या भांडवलावर फॉस्फरसयुक्त टॉनिकांचा मोठा बाजार उभा राहिला. अमेरिकेत १८८६ साली अटलांटा शहरी पेम्बर्टन नावाच्या औषध विक्रेत्याने एक पेय काढले व मेंदूचे टॉनिक म्हणून त्याची जाहिरात केली. तेच आजचे कोका-कोला. आज आपण ते तहानेसाठी पितो. अभ्यासासाठी ते कोणी मुलाला देत नाही!

ही टॉनिके नेमकी त्याच काळात का निघाली? कारण यंत्रयुगाने माणसाची झोप मोडली होती. मुंबईच्या गिरण्यांचेच पाहा. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले आणि आठवड्याची सुट्टीही हक्काची नव्हती. २४ एप्रिल १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांनी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा भरविली. तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पण पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याचीही आडकाठी उरली नाही. चौदा-पंधरा तासांचा दिवस होऊ लागला. कायद्याने मग एकेक पायरी उतरविली : १९११ साली कापड गिरण्यांत पुरुषांना बारा तास, १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तास.

याच काळात कामगाराच्या हाती आणखी एक 'बुद्धिवर्धक' आले, ते म्हणजे चहा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चहाच्या मळेवाल्यांच्या संस्थेने गिरण्यांतून आणि खाणींतून चहाचे गाळे उघडविले. चहाने मजुराचा थकवा जातो, असा मालकांना उपदेश होता. चहाकॉफीतले कॅफीन काही वेळ तरतरी आणते, यात शंका नाही. जगात सर्वांत जास्त खपणारे डोक्याचे औषध तेच आहे. परंतु ते झोपेची उणीव भरून काढत नाही, फक्त ती उणीव आपल्यापासून लपविते. रात्रपाळीत पहाटे तीन वाजता चहा घेऊन मागावर उभे राहिलेल्या माणसाला हे शास्त्रज्ञाने सांगावे लागत नाही. तुटलेला धागा डोळ्यांना दिसतो, पण हात तिथवर उशिरा पोचतो.

आता 'नूट्रॉपिक' या शब्दाकडे वळू. १९६४ साली बेल्जियममधील एका औषध कंपनीत कॉर्नेलिउ जुर्जा या शास्त्रज्ञाने पिरासिटाम नावाचे द्रव्य तयार केले. १९७२ साली त्यानेच मन आणि वळविणे या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून नूट्रॉपिक हा शब्द घडविला. त्याची कसोटी कडक होती. स्मरण सुधारावे, मेंदूचे रक्षण व्हावे, आणि अपाय जवळजवळ नसावा. शब्द जगभर गेला, कसोटी मात्र मागे राहिली. आज कशालाही तो शब्द चिकटवितात. पिरासिटाम हे डॉक्टराने विशिष्ट आजारात देण्याचे औषध आहे. धडधाकट विद्यार्थ्याची बुद्धी त्याने वाढते असे सिद्ध झालेले नाही.

गिंको या झाडाच्या पानांचा अर्कही स्मरणासाठी फार खपतो. अमेरिकेत पंचाहत्तर वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे तीन हजार माणसांना सरासरी सहा वर्षे तो, किंवा त्याऐवजी पोकळ गोळी, देऊन पाहिले. २००८ साली निकाल आला : स्मृतिभ्रंश दोन्ही गटांत सारखाच.

आपल्या नीरब्राह्मीचे काय? लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात तिच्यातील 'बॅकोसाइड' ही द्रव्ये वेगळी काढण्याचे काम झाले. पुढे माणसांवरही लहान लहान चाचण्या झाल्या. काहींत शिकलेले विसरण्याचे प्रमाण थोडे कमी झालेले दिसले, पण सुमारे बारा आठवडे नियमाने घेतल्यावर; काहींना मळमळ आणि पोटाचा त्रासही झाला. म्हणजे ब्राह्मी अगदीच पोकळ नाही. परंतु परीक्षेआधी पंधरा दिवस बाटली आणून काही साधत नाही, हे ब्राह्मीच्या बाजूनेच सांगावे लागते.

मग बुद्धीसाठी निःसंशय उपयोगी पडले असे काहीच नाही काय? आहे, आणि ते बाटलीत नाही. १९५६ साली हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या मिठात आयोडीन मिसळून पाहिले. गलगंड झपाट्याने उतरला. आयोडीन कमी पडले तर नुसता गळा सुजत नाही. आईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढच खुंटते. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि आज आपल्या घरच्या मिठाच्या पुडीवर आयोडीनयुक्त असे छापलेले असते. पिढ्यांच्या पिढ्यांची बुद्धी वाचविणारे हे टॉनिक चिमूटभर आहे. म्हणूनच त्याची आठवण कोणी ठेवत नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे. डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडे, झोपडपट्टी व मध्यमवर्गीय वस्ती यांतील ४४१ निरोगी पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सुमारे दोनतृतीयांश लोकांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासळी यांतून मिळते. ते फार उतरले की हातापायांना मुंग्या येतात आणि विसराळूपणाही येतो. घरातील म्हातारा माणूस विसरू लागला की 'वय झालं' म्हणून आपण सोडून देतो. कधी कधी त्याला साध्या इंजेक्शनांची गरज असते.

तिसरी गोष्ट झोप. १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरे पाठ करावयास लावली. पाठ करून झोपल्यावर जेवढे आठवे, तेवढे तितकाच वेळ जागे राहिल्यावर आठवत नसे. त्यानंतर शंभर वर्षांत पुष्कळ संशोधन झाले आणि मूळ गोष्ट पक्की झाली : शिकलेले झोपेत मुरते. चरकाने पुडीत बांधलेली झोप अशी शास्त्राच्या वाटेने परत आली.

आता आमच्या सोबत्याच्या मुलाकडे येऊ. आम्ही त्याच्या घरी बसून साधी चौकशी केली. मुलगा शाळेतून आल्यावर रात्री अकरापर्यंत कांड्या भरावयास आईला मदत करी, मग वाचावयास बसे आणि पहाटे बापाची पाळी सुटण्याआधी उठे. पाच तासही झोप नव्हती. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले, तर ते कमी. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी फुकट मिळते. ती तोंड कडू होते म्हणून तो टाकून देत असे. फुकटची गोळी गटारात आणि पगाराची बाटली फळीवर! यात बापाचा दोष नाही. बाटलीवर हुशार मुलाचे चित्र होते आणि निळ्या गोळीवर काहीच नव्हते. मुलाने गोळ्या घेतल्या, आईने त्याच्या कांड्या बंद केल्या, आणि त्यापायी घरात येणारे पैसे कमी झाले, हेही आम्ही लपवून ठेवणार नाही. मुलगा पास झाला. पहिला आला नाही, पण वर्गात डुलक्या घेणे थांबले.

एवढे ऐकूनही कोणाला काही विकत घ्यावयाचे असेल, तर त्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. औषधांविषयीच्या १९४५ च्या नियमांना 'जे' नावाचे परिशिष्ट जोडलेले आहे. ज्या गोष्टी साधून देण्याचा दावा औषधाने करू नये, त्यांची यादी त्यात आहे, आणि त्या यादीत मेंदूची क्षमता वाढविणे व स्मरणशक्ती सुधारणे हे चक्क लिहिले आहे. म्हणून पुष्कळ माल आता अन्नपूरक या सदरात येतो. त्याच्या वेष्टनावर तो औषधी वापरासाठी नाही असे बारीक अक्षरांत छापावे लागते. ती बारीक अक्षरे आधी वाचावीत. वनस्पतीचे नेमके नाव व मात्रा लिहिलेली असावी. वीस द्रव्यांच्या मिश्रणात कशाचेच पुरेसे माप नसण्याचा संभव असतो. परवाना क्रमांक पाहावा. बिनलेबलाची भस्मे आणि पुड्या मुळीच घेऊ नयेत. अमेरिकेतील संशोधकांनी २००८ साली भारतीय व अमेरिकी बनावटीची १९३ आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा सुमारे पाचांतील एकात शिसे, पारा किंवा सोमल सापडला. शिसे तर लहान मुलाच्या मेंदूचे उघड वैरी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी गिंकोसारखे अर्क डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गरोदर बायकांनी तर कोणतीच बाटली आपल्या मनाने उघडू नये. आणि दुकानात जाण्याआधी एकदा दवाखान्यात जावे : रक्त, ब-१२ आणि थायरॉइड एवढे तपासून घ्यावे.

बुद्धीच्या बाबतीत जे खरे उपयोगी ठरले, ते बहुतेक सर्वांना मिळून मिळाले. मिठातले आयोडीन सरकारी कार्यक्रमाने आले, शाळेतली गोळी योजनेने आली, रविवारची सुट्टी सभेने आली. इचलकरंजीच्या मागांवर बारा तासांची पाळी आम्ही स्वतः केली आहे आणि आजही पुष्कळजण करीत आहेत. ती जोवर आठ तासांची होत नाही, तोवर त्या घरांतील मुलांच्या अभ्यासाचे काम पुरे झाले असे आम्ही म्हणणार नाही.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. आपल्या मुलाला शाळेत ती निळी गोळी मिळते काय, आणि मिळत असेल तर तो ती गिळतो काय, एवढे प्रत्येकाने विचारून घ्यावे, ही आमची विनंती आहे.