पेयजलातील निर्जंतुकीकरणजन्य उपउत्पादनांचे मापन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पेयजलाच्या शुद्धीकरणाचा इतिहास बहुधा क्लोरीनच्या यशाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. इ.स. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पाणीपुरवठ्यात ब्लीचिंग पावडरचे द्रावण नियमितपणे मिसळण्यास प्रारंभ झाला. पुढील काही दशकांत क्लोरिनीकरण जगभर रूढ झाले आणि विषमज्वर, पटकी यांसारख्या जलजन्य रोगांना मोठा आळा बसला. परंतु पाण्यातील नैसर्गिक सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे निर्माण होतात, हे १९७० च्या दशकापर्यंत लक्षात आले नव्हते. ही संयुगे पाण्यात पूर्वीपासूनच होती. ती ओळखण्याचे साधन मात्र उपलब्ध नव्हते. मापनपद्धतीने केवळ ज्ञानाचीच नव्हे, तर कायद्याचीही व्याप्ती कशी निश्चित केली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रॉटरडॅम आणि सिनसिनाटी

नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील जलशुद्धीकरण व्यवस्थेत कार्यरत असलेले रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी बंद बाटलीतील पाण्यावरच्या मोकळ्या जागेतील वाफेचे गॅस क्रोमॅटोग्राफीद्वारे विश्लेषण केले. बाष्पनशील पदार्थ पाण्यातून या जागेत येतात, हे या पद्धतीचे तत्त्व होय. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्म व त्याच्या गटातील ब्रोमीनयुक्त संयुगे ही नदीतील औद्योगिक प्रदूषणातून आलेली नसून क्लोरिनीकरणाच्या प्रक्रियेतच तयार होतात. कुजलेल्या वनस्पतींपासून बनणारी ह्यूमिक द्रव्ये हा त्यांचा मूळ स्रोत आणि पाण्यातील ब्रोमाइड हे ब्रोमीनयुक्त संयुगांचे कारण, अशी उपपत्तीही त्यांनी मांडली.

त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील बेलर, लिक्टेनबर्ग व क्रोनर यांनी सिनसिनाटी येथे निराळ्या मार्गाने हाच निष्कर्ष काढला. पाण्यातून निष्क्रिय वायूचे बुडबुडे सोडून बाष्पनशील संयुगे बाहेर काढणे, ती शोषक पदार्थावर अडविणे आणि उष्णता देऊन विश्लेषकात सोडणे, अशी त्यांची पद्धत होती. तिच्यामुळे एका लिटरमधील मायक्रोग्रॅम इतके अल्प प्रमाणही मोजता येऊ लागले. १९७५ साली अमेरिकेतील ८० शहरांच्या पाण्याचे सर्वेक्षण झाले, तेव्हा ट्रायहॅलोमिथेन गटातील संयुगे क्लोरिनीकरण केलेल्या पाण्यात सर्वत्र आढळतात, हे स्पष्ट झाले. १९७६ मध्ये क्लोरोफॉर्ममुळे प्रयोगशाळेतील उंदीरवर्गीय प्राण्यांत कर्करोग होत असल्याचा अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिला आणि प्रश्नाचे स्वरूप बदलले.

नमुन्यातील काळाचा प्रश्न

या मापनात एक मूलभूत अडचण आहे. नमुना घेतल्यानंतरही बाटलीतील क्लोरीनची अभिक्रिया थांबत नाही. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत क्लोरोफॉर्मचे प्रमाण वाढलेले असते. म्हणून नमुन्यात सोडियम थायोसल्फेटसारखे द्रव्य घालून उरलेला क्लोरीन नष्ट करावा लागतो. शिवाय बाष्पनशील संयुगे निसटू नयेत यासाठी बाटली हवेचा बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरावी लागते. जे बाटलीत घडते तेच जलवाहिनीतही घडते. शुद्धीकरण केंद्रापासून दूर असलेल्या नळापर्यंत पाणी पोहोचते तोवर त्यातील ट्रायहॅलोमिथेनचे प्रमाण सामान्यतः वाढलेले असते. त्यामुळे नमुना कोठे घ्यावा, हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

मापन आणि कायदा

१९७९ साली अमेरिकेने चार ट्रायहॅलोमिथेनांच्या एकत्रित प्रमाणावर लिटरला १०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. ती विविध ठिकाणच्या नमुन्यांच्या वार्षिक सरासरीला लागू होती. साहजिकच जलवाहिनीच्या शेवटी राहणाऱ्या नागरिकांच्या वाट्याला येणारे अधिक प्रमाण सरासरीत झाकले जाऊ शकत होते. प्रत्येक ठिकाणाची सरासरी स्वतंत्रपणे विचारात घेण्याचा नियम २००६ मध्ये झाला.

हॅलोॲसेटिक आम्लांची कथा याहून बोलकी आहे. ही आम्ले सहज बाष्परूप होत नाहीत; म्हणून वायूच्या बुडबुड्यांनी ती पकडता येत नाहीत. त्यांचे आधी एस्टरमध्ये रूपांतर करावे लागते. त्यांच्यावरील ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा १९९८ च्या नियमात आली. त्याच नियमाने ट्रायहॅलोमिथेनांची मर्यादा ८० वर आणली. जे आधी मोजता आले, त्याचे नियमन आधी झाले. आजवर सहाशेहून अधिक उपउत्पादने ओळखली गेली आहेत. तरीही क्लोरिनीकरणातून निर्माण होणाऱ्या सेंद्रिय हॅलोजनांचा मोठा भाग अद्याप अनोळखीच आहे.

भारतीय संदर्भ

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकात चारही ट्रायहॅलोमिथेनांच्या स्वतंत्र मर्यादा आहेत, क्लोरोफॉर्मसाठी ती लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. ही तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफीची सोय असलेल्या प्रयोगशाळेतच होऊ शकते. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींना परिचित असलेली परीक्षा मात्र वेगळी आहे : टीसीएल पावडर टाकलेल्या पाण्याची ओ.टी. चाचणी. नमुन्यास येणारा पिवळा रंग क्लोरीन शिल्लक असल्याचे सांगतो. त्या क्लोरीनने काय निर्माण केले, हे तो सांगू शकत नाही.

समारोप

याचा अर्थ क्लोरीन टाळावा असा नाही. रासायनिक उपउत्पादने कमी करण्याच्या प्रयत्नात निर्जंतुकीकरणाशी तडजोड होऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे. क्लोरीन घालण्यापूर्वी पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये कमी करणे, हा दोन्ही धोके टाळणारा मार्ग होय. वरील इतिहासातून एक सावधगिरीची शिकवण मिळते : एखादा पदार्थ अहवालात नसणे आणि तो पाण्यात नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाण्याच्या अहवालातील प्रत्येक आकडा कोणत्या पद्धतीने, कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या क्षणी मिळविला, हे विचारणे हा अभ्यासकाच्या शिस्तीचा जितका, तितकाच नागरिकाच्या हक्काचाही भाग आहे.