वादळाचं वेटोळं आणि हौशी मंडळी

मे महिना संपत आला की अरबी समुद्रात कुठेतरी ढगांचा एक पुंजका दिसायला लागतो, आणि ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या मोबाइलवर तो वाऱ्यांचा रंगीत नकाशा उघडलेला असतो. एक म्हणतो ओमानला जाणार, दुसरा म्हणतो नाही रे, गुजरातला. तिसरा कुठल्यातरी मॉडेलचा हवाला देऊन सांगतो की यंदा मुंबईच! ह्यातल्या कोणाकडेही हवामानशास्त्राची डिग्री नसते. तरी जेवणाच्या सुट्टीत डब्यापेक्षा आयसोबारवर जास्त चर्चा होते.

हे वेड मोबाइलबरोबर आलं असं वाटेल, पण ते चांगलं दोनशे वर्षं जुनं आहे. किंबहुना वादळ स्वतःभोवती फिरतं आणि फिरता फिरता पुढे सरकतं, ही गोष्ट पुराव्यानिशी जगासमोर मांडली ती अशाच हौशी लोकांनी, एकमेकांच्या नोंदी जोडून. ‘सायक्लोन’ हा शब्दसुद्धा त्यांच्यातल्याच एकाचा, आणि तो जन्मला आपल्या कलकत्त्यात. आजचा लेख ह्या मंडळींबद्दल.

सुरुवात करू एका खोगीरवाल्यापासून. विल्यम रेडफिल्ड, जन्म १७८९, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला. शिक्षण बेताचं, पेशा खोगीर आणि घोड्यांचं सामान शिवण्याचा. सप्टेंबर १८२१ मध्ये त्याच्या भागात मोठं वादळ झालं. त्यानंतर काही कौटुंबिक कामासाठी त्याला शेजारच्या मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात जावं लागलं. वाटेत सगळीकडे झाडं आडवी. आता पडलेली झाडं आपणही बघतो, हळहळतो आणि पुढे जातो. ह्याने बघितलं ते झाडांचे शेंडे कुठे आहेत ते. त्याच्या गावाकडे शेंडे वायव्येला होते, म्हणजे वारा आग्नेयेकडून आला होता. पुढे डोंगराळ भागात गेल्यावर शेंडे नेमके उलटे, आग्नेयेला! लोकांना विचारलं तर दोन्हीकडे वादळाची वेळ साधारण एकच. शंभर मैलांच्या आत, एकाच रात्री, एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे वारे. ह्याचा अर्थ एकच निघतो, की ते एक प्रचंड मोठं भोवऱ्यासारखं काहीतरी होतं.

वादळं गोल फिरतात असं आधी कोणी म्हटलंच नव्हतं असं नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या जेम्स कॅपर ह्या अधिकाऱ्याने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वादळांबद्दल १८०१ मध्ये तसं लिहून ठेवलं होतं. पण लिहिणं वेगळं आणि जागोजागचे पुरावे एका नकाशावर मांडून दाखवणं वेगळं. रेडफिल्डनेसुद्धा लगेच काही छापलं नाही. पुढे तो वाफेच्या बोटींच्या धंद्यात गेला आणि तब्बल दहा वर्षं फावल्या वेळात नोंदी जमवत राहिला. मग एकदा बोटीवर त्याची येल कॉलेजातल्या डेनिसन ओल्मस्टेड ह्या प्राध्यापकांशी गाठ पडली. त्यांनी गळ घातली की हे छापा, आणि १८३१ मध्ये त्याचा लेख प्रसिद्ध झाला. (म्हणजे साइड प्रोजेक्ट दहा वर्षं लोकल मशीनवर पडून राहण्याची परंपरा बरीच जुनी आहे तर!)

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बार्बाडोस बेटावर भीषण वादळ झालं. पडझड झालेल्या सरकारी इमारती पुन्हा उभ्या करायला ब्रिटिश लष्कराने विल्यम रीड नावाच्या इंजिनिअरला पाठवलं. त्याचं काम भिंती बांधायचं. पण ज्या गोष्टीने भिंती पाडल्या तिच्याबद्दल माहिती शोधताना त्याच्या हाती रेडफिल्डचा लेख लागला आणि दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. रीडची खरी करामत म्हणजे त्याने जहाजांच्या लॉगबुकांना हात घातला. दर काही तासांनी वाऱ्याची दिशा, जहाजाची जागा, समुद्राची अवस्था, वायुभारमापक असेल तर त्याचा आकडा... हे सगळं जहाजावर रोज लिहिलं जायचंच. आणि लिहून झालं की दप्तरात धूळ खात पडायचं. रीडने पन्नास वर्षांपूर्वीच्या, १७८० च्या वादळाची लॉगबुकंसुद्धा बाहेर काढली. एक जहाज एकटं काहीच सांगू शकत नाही. पण दहा जहाजांचे एकाच वेळचे वारे नकाशावर बाणांनी काढले की मधोमध वर्तुळ आपोआप दिसायला लागतं. १८३८ मध्ये त्याचं पुस्तक आलं.

हे वाचायला सोपं वाटतं, पण आपल्यापैकी ज्यांनी कधी पाच वेगवेगळ्या सर्व्हरच्या लॉगफाइली जुळवून एखादा बग शोधलाय त्यांना कळेल की खरी मारामारी कुठे असते. वेळेची! त्या काळी जहाजाचा ‘दिवस’ दुपारी बारापासून दुसऱ्या दुपारी बारापर्यंत धरायची पद्धत होती, आणि ब्रिटिश आरमाराने ती १८०५ मध्ये सोडली तरी बऱ्याच व्यापारी जहाजांनी चालूच ठेवली होती. म्हणजे एकाच वादळाच्या एकाच दुपारची तारीख दोन वह्यांमध्ये दोन वेगळी. त्यात प्रत्येकाचं घड्याळ आपापल्या रेखांशाचं, कोणाचा वायुभारमापक चुकीचा, आणि ‘जोरदार वारा’ म्हणजे किती जोरदार हे ज्याच्या त्याच्या अनुभवावर. हे सगळं एका मापात आणल्याशिवाय बाण काढण्यात काही अर्थ नव्हता.

आता येऊ आपल्या नायकाकडे. हेन्री पिडिंग्टन. तरुणपणी व्यापारी जहाजांवर कप्तानी केलेला हा माणूस नंतर कलकत्त्यात स्थायिक झाला. तिथे तो भूगर्भविषयक संग्रहालयाचा क्युरेटर होता आणि पुढे जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा अध्यक्ष झाला. रीडचं पुस्तक त्याच्या हातात पडलं आणि गडी झपाटला. जून १८३९ मध्ये बंगालच्या उपसागरात वादळ झालं. पिडिंग्टनने जहाजांच्या कप्तानांकडून, बंदरांवरच्या अधिकाऱ्यांकडून नोंदी मागवल्या आणि त्यावर पहिला शोधनिबंध लिहिला. मग पुढची दहा-बारा वर्षं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात असे वीसच्या वर निबंध आले, बहुतेक प्रत्येकात एखाद्या वादळाची जहाज-जहाज करून केलेली उलटतपासणी.

ह्यातलं सगळ्यात भन्नाट प्रकरण ‘चार्ल्स हेडल’ नावाच्या जहाजाचं. फेब्रुवारी १८४५, मॉरिशसजवळचा समुद्र. वादळात सापडल्यावर कप्तानाने त्या काळच्या रीतीप्रमाणे जहाज वाऱ्याच्या दिशेने सोडून दिलं, की वारा नेईल तसं पळायचं. ते जवळजवळ पाच दिवस पळत होतं. लॉगबुकातून त्याचा मार्ग काढला तर काय दिसावं? जहाज सुमारे १३०० मैल धावलं होतं, पण निघाल्या जागेपासून गेलं होतं फक्त साडेतीनशे मैलांच्या आसपास. बाकी सगळा वेळ ते वादळाच्या केंद्राभोवती गोल गोल फिरत होतं, प्रदक्षिणा घालावी तसं. वादळ फिरतं ह्याचा ह्याहून चांगला पुरावा कुठला मिळणार! आणि आपण वादळापासून दूर पळतोय अशी त्या खलाशांची समजूत असणार, ह्या विचाराने अंगावर काटा येतो.

१८४८ मध्ये पिडिंग्टनने खलाशांसाठी एक पुस्तक काढलं, ‘सेलर्स हॉर्नबुक’. हॉर्नबुक म्हणजे त्या काळच्या इंग्रज पोरांची मुळाक्षरांची पाटी, वर शिंगाचा पारदर्शक पापुद्रा लावलेली. पुस्तकाबरोबर तशाच पारदर्शक चकत्या दिल्या होत्या, उत्तर गोलार्धासाठी वेगळी आणि दक्षिणेसाठी वेगळी. त्यावर वर्तुळं आणि वाऱ्याचे बाण. चकती समुद्राच्या नकाशावर ठेवायची, तुमच्या जागी जो वारा वाहतोय तो बाण जुळवायचा, की केंद्र कुठे आहे ते कळलं! आपल्या गोलार्धातला साधा नियम असा: वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, वादळाचं केंद्र तुमच्या उजव्या हाताला, किंचित मागे. त्यातलं हे ‘किंचित मागे’ पिडिंग्टनच्या वर्तुळात नव्हतं. वारा नुसता गोल फिरत नाही, फिरता फिरता आतही ओढला जातो. जेम्स एस्पी नावाचा अमेरिकन गृहस्थ वारा आत जातो म्हणून रेडफिल्डशी वर्षानुवर्षं भांडला होता. शेवटी दोघंही अर्धे अर्धे बरोबर निघाले. असो.

ह्याच पुस्तकात ‘सायक्लोन’ हा शब्द पहिल्यांदा आला. ग्रीक शब्दावरून, ज्याच्या अर्थात सापाचं वेटोळंही येतं. पूर्ण वर्तुळ म्हणायला नको, पण वळण तर सांगायचंय, म्हणून वेटोळं. त्या आधीच्या वादविवादाच्या मानाने किती नेमका शब्द!

इथपर्यंत ही एका छंदाची गोष्ट आहे. पुढे तिची किंमत कळते. कलकत्त्याचं बंदर गाळाने भरत चाललं म्हणून सरकारच्या मनात आलं की सुंदरबनाच्या बाजूला, मातला नदीवर नवं बंदर बांधावं. पिडिंग्टनने १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीला उद्देशून एक पत्र छापलं. सांगणं अगदी साधं होतं. ह्या जागी कधी ना कधी चक्रीवादळ येणार, आणि ते वाऱ्यापेक्षा पाण्याने मारेल. पाच ते पंधरा फूट खारं पाणी आत घुसेल. हे भविष्य नव्हतं, चौदा वर्षांच्या वह्या बोलत होत्या. बंगालच्या उपसागराचं टोक नरसाळ्यासारखं निमुळतं आणि उथळ आहे. वादळाने ढकललेल्या पाण्याला तिथे जायला दुसरी वाटच नसते.

पत्राचा उपयोग झाला नाही. बंदर झालं, त्याला गव्हर्नर जनरल कॅनिंगचं नाव मिळालं. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला. नोव्हेंबर १८६७ मध्ये वादळ आलं. फार मोठं नव्हतं, पाणीही साधारण सहा फूटच चढलं. तेवढ्यात बंदराची वाताहत झाली आणि काही वर्षांत ते सोडून द्यावं लागलं. अमिताव घोष ह्यांच्या ‘द हंग्री टाइड’ कादंबरीत ही हकिकत आली आहे, अनेकांना तिथूनच माहीत असेल.

त्याच्या तीन वर्षं आधी, ५ ऑक्टोबर १८६४ ला, खुद्द कलकत्त्यावर वादळ येऊन गेलं होतं. सुमारे साठ हजार माणसं गेली असं मानतात. त्यानंतर मात्र सरकार हललं. १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं. म्हणजे हौशी माणसाने पत्र लिहून सांगितलेली गोष्ट कचेरीपर्यंत पोचायला मध्ये हजारो प्रेतं लागली.

आता ह्याच नाण्याची दुसरी बाजू, आणि ती आपल्या मुंबईची आहे. वादळांच्या अनेक याद्यांमध्ये ६ जून १८८२ चं ‘ग्रेट बॉम्बे सायक्लोन’ सापडतं, मृतांचा आकडा एक लाख. आता साधा हिशोब करा. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती सुमारे पावणेआठ लाख. शहरातला दर आठवा माणूस एका दिवसात गेला आणि वर्तमानपत्रांत त्याचा पत्ता नाही? कुलाब्याची वेधशाळा तेव्हा व्यवस्थित चालू होती. कोलंबिया विद्यापीठातले वातावरणशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल आणि घोष ह्यांनी शोध घेतला तेव्हा त्या काळच्या नोंदींमध्ये असं वादळ सापडलंच नाही. एका यादीतून दुसऱ्या यादीत, तिथून तिसऱ्या. सगळ्यांनी कॉपी केलं, मूळ वही कोणीच उघडली नाही.

मला वाटतं फरक इथे आहे. रेडफिल्ड, रीड आणि पिडिंग्टन हौशी होते, पण त्यांच्या प्रत्येक वर्तुळामागे जहाजाचं नाव होतं, तास होता, वाऱ्याची दिशा होती. कोणालाही ती वही मागून तपासता आली असती. आज दहा दिवसांनंतरचा मॉडेलमधला जांभळा ठिपका स्क्रीनशॉट होऊन फिरतो तेव्हा त्यावर ना मॉडेलचं नाव असतं, ना ते कधी चालवलं ती वेळ. पुढच्या रनमध्ये तो ठिपका दोनशे किलोमीटर सरकलेला असतो, पण स्क्रीनशॉट मात्र तसाच फिरत राहतो. आणि त्याची झळ आपल्याला नाही बसत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. मुंबई बऱ्यापैकी वाचली आणि ‘काय, एवढंच?’ असे विनोद सुरू झाले. तिकडे रायगड आणि दापोलीच्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. सुपारीचं झाड पुन्हा धरायला काही वर्षं जातात. खोट्या भीतीने एकदा होड्या परत आणलेला कोळी पुढच्या खऱ्या इशाऱ्याला किती मान देईल, हाही विचार करायला हवा.

म्हणून हौस सोडावी असं मुळीच नाही. उलट एक वही करावी. गच्चीत पावसाचं मापक ठेवावं, रोज ठरलेल्या वेळी आकडा लिहावा, वारा कुठून येतोय ते लिहावं, तारीख आणि वेळ न चुकता. जूनमधल्या एखाद्या संध्याकाळी वाऱ्याकडे तोंड करून उजवा हातही पसरून बघावा. आणि नकाशा पुढे पाठवायचाच असेल तर खाली दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो? कुठलं मॉडेल, आणि कधीचं.