किशोरवयीन मुलांचे कुरळे केस : निगा कशी राखावी आणि पालकांनी मदत कशी करावी

सकाळची शाळेची घाई, हातात बारीक दातांचा कंगवा, केसांत गुंता आणि डोळ्यांत पाणी. घरातल्या मुलीचे केस कुरळे असतील तर हे दृश्य तुमच्या ओळखीचे असेल. बारा-तेरा वर्षांची झाली की तीच मुलगी म्हणते, "मला हे केस नकोच, सरळ करून दे." कुरळे केस असलेल्या मुलांचीही तक्रार असते, पण ती बहुधा डोके बारीक कापून मिटवली जाते.

दवाखान्यात येणारे बहुतेक पालक विचारतात, "केस इतके कोरडे का, काही कमी पडतंय का?" बऱ्याचदा कमी काहीच पडत नसते. सरळ केसांची पद्धत कुरळ्या केसांवर वापरली जात असते, एवढेच. ती बदलली की दोन-तीन महिन्यांत फरक दिसू लागतो.

कुरळे केस कोरडे का पडतात?

केस सरळ येणार की कुरळा, हे मुख्यतः आनुवंशिकतेने आणि केसाच्या मुळाच्या आकाराने ठरते. मूळ वाकडे असले की केस वळण घेऊन बाहेर येतो.

टाळूतील ग्रंथी तेलकट स्राव तयार करतात. सरळ केसावरून तो सहज टोकापर्यंत उतरतो. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर तो अडतो. म्हणून टाळू तेलकट आणि टोके कोरडी, असे दोन्ही एकाच डोक्यावर दिसते. शिवाय वळणाच्या जागी केस नाजूक असतो आणि जोराने विंचरल्यास तिथेच तुटतो.

पावसाळ्यात किंवा कोकणातल्या दमट हवेत केस फुलतात, कारण कोरडा केस हवेतला ओलावा शोषून घेतो. तो आजार नाही.

वयात येताना काय बदलते?

संप्रेरकांमुळे टाळूतील तेलग्रंथी अधिक काम करू लागतात. टाळू लवकर तेलकट होते, कोंडा वाढतो, घामाचा वासही बदलतो. काही मुलांचे लहानपणी सरळ असलेले केस याच वयात कुरळे होतात, तर काहींचे कुरळेपण कमी होते. त्यामुळे आठव्या वर्षी चालणारी पद्धत चौदाव्या वर्षी चालेलच असे नाही.

केस धुण्याची पद्धत

बहुतेक कुरळ्या केसांसाठी आठवड्यातून एक ते दोन वेळा धुणे पुरेसे असते. मूल रोज खेळत असेल, पोहायला जात असेल किंवा कोंडा असेल तर जास्त वेळा धुवावे लागेल.

१. शाम्पू टाळूला लावा. बोटांच्या पेरांनी हलके चोळा, नखांनी नाही. केसांच्या लांबीला वेगळा शाम्पू लावायची गरज नसते. धुताना ओघळणारा फेस तेवढ्याला पुरतो. केस फार कोरडे असतील तर सौम्य किंवा सल्फेट नसलेला शाम्पू निवडा.

२. कंडिशनर भरपूर लावा. तो कानांच्या खालच्या भागापासून टोकांपर्यंत लावा आणि दोन-तीन मिनिटे ठेवा. ही पायरी वगळू नका. केसांचा मऊपणा शाम्पूपेक्षा कंडिशनरवर जास्त अवलंबून असतो.

३. गुंता याच वेळी सोडवा. कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत आधी बोटे, मग मोठ्या दातांचा कंगवा फिरवा. सुरुवात टोकांपासून करा आणि हळूहळू वर सरका. मुळापासून खाली ओढले की सगळे गुंते एका गाठीत जमा होतात.

४. कोमट किंवा साध्या पाण्याने धुवा. कडकडीत पाण्याने केस आणखी कोरडे होतात.

५. टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुन्या मऊ सुती टी-शर्टमध्ये किंवा पंच्यात केस मुठीने दाबून पाणी टिपा.

६. केस ओले असतानाच थोडे लीव्ह-इन क्रीम किंवा जेल लावा आणि केस खालून वर मुठीत दाबून सोडा. घरी जवस उकळून गाळलेले जेलही चालते. ते फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवडाभरात संपवा. सुकेपर्यंत केसांना हात लावू नका.

वाळल्यावर कुरळे केस विंचरू नका. कोरड्या केसांत कंगवा घातला की वळणे मोडतात आणि केस पिंजारलेले दिसतात. सकाळी पाण्याचा हलका फवारा मारून बोटांनी सारखे केले तरी पुरते.

तेल लावावे की नाही?

लावावे, पण कुठे आणि किती वेळ हे महत्त्वाचे आहे. खोबरेल तेल केसाच्या आत काही प्रमाणात शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. म्हणून न्हाण्यापूर्वी तासभर केसांच्या लांबीला आणि टोकांना तेल लावणे फायद्याचे आहे.

मात्र तेलाने केस लवकर वाढतात किंवा मुळातून नवे येतात, याला भक्कम आधार नाही. कोंडा असेल तर टाळूवर तेल थापून ठेवल्याने तो वाढू शकतो. कपाळावर आणि कानशिलांवर बारीक पुटकुळ्या येत असतील तर तेल किंवा केसांचे क्रीम त्वचेवर उतरत आहे का, ते पाहा.

शाळेच्या वेण्या आणि घट्ट बांधणे

अनेक शाळांत दोन घट्ट वेण्यांचा नियम असतो. कुरळे केस "बसावेत" म्हणून ते आणखी ओढून बांधले जातात. रोजच्या ताणामुळे कपाळाच्या कडेचे आणि कानांवरचे केस विरळ होतात. सुरुवातीला लक्ष दिल्यास ते परत येतात. वर्षानुवर्षे ताण चालू राहिला तर मुळे कायमची निकामी होऊ शकतात.

- बांधल्यावर डोके दुखत असेल किंवा कपाळाची त्वचा ताणलेली वाटत असेल, तर वेणी घट्ट आहे.
- रबरबँडऐवजी कापड चढवलेले बँड वापरा.
- चिंब ओल्या केसांची घट्ट वेणी घालू नका.
- घरी आल्यावर वेण्या सोडा. झोपताना सैल वेणी किंवा डोक्यावर सैल बुचडा बांधा. सॅटिनच्या अभ्र्यामुळे घर्षण कमी होते.

"मला केस सरळ करायचेत"

हा हट्ट आला की लगेच नाही म्हणू नका. आधी कारण विचारा. वर्गात कुणी चिडवते का? घरात "झिंज्या आवर", "डोक्यावर घरटं झालंय" असे बोलले जाते का? या वयात असे शब्द खोल जातात, आणि ते बहुधा प्रेमाच्या माणसांकडूनच आलेले असतात. घरातली अशी थट्टा थांबवणे हा उपचाराचाच भाग आहे.

मग पर्यायांची खरी माहिती द्या.

- इस्त्री (स्ट्रेटनर) : परिणाम पुढच्या धुण्यापर्यंतच टिकतो. लग्न-समारंभापुरती वापरायची असेल तर केस पूर्ण वाळलेले असावेत आणि तापमान कमीत कमी ठेवावे. ओल्या केसावर गरम इस्त्री फिरवली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केस आतून फुटतो.
- रसायनांनी कायमचे सरळ करणे : यात केसातील प्रथिनांचे बंध तोडून पुन्हा जोडले जातात. पण केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो आणि नवा केस कुरळाच येतो. सहा महिन्यांनी वर कुरळे आणि खाली सरळ अशी स्थिती होते.
- "केराटिन" किंवा "स्मूदनिंग" : यातील काही उत्पादनांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. त्याने डोळे आणि श्वासमार्ग चुरचुरतात, आणि तो कर्करोगकारक म्हणून ओळखला जातो. "फॉर्मल्डिहाइड-मुक्त" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असते. अशा उपचारानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झालेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झाली आहे. किशोरवयात हे उपचार टाळावेत, असा आमचा सल्ला आहे.

कोंडा आणि उवा

कोंड्यासाठी किटोकोनाझोलयुक्त शाम्पू आठवड्यातून दोनदा टाळूला लावून पाच मिनिटे ठेवा आणि धुवा. केसांच्या लांबीला मात्र नेहमीसारखा कंडिशनर लावा. चार आठवड्यांत फरक नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

दाट कुरळ्या केसांत उवा लवकर दिसत नाहीत. मानेवर आणि कानांमागे खाज येत असेल तर कंडिशनर लावलेले केस आधी मोठ्या कंगव्याने सोडवा, मग भाग पाडून बारीक फणी फिरवा. उवांचे औषध डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून घ्या. पॅकवर सांगितलेल्या अंतराने ते पुन्हा लावावे लागू शकते. रॉकेल कधीही वापरू नका. उवांसाठी केस कापून टाकण्याची गरज नसते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. कुरळ्या केसांत गळलेले केस गुंत्यात अडकून राहतात आणि न्हाण्याच्या दिवशी एकदम हातात येतात. तो पुंजका पाहून घाबरू नका. पण पुढील लक्षणे असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा :

- नाण्याएवढी गुळगुळीत टक्कल पडलेली जागा (चाई)
- टाळूवर खपल्या, पू, दुखरी सूज किंवा तुटलेल्या केसांचे चट्टे
- डेंगी किंवा टायफॉइडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू झालेली आणि सहा महिन्यांनंतरही न थांबणारी गळती
- गळतीबरोबर थकवा, पाळीत जास्त रक्तस्राव किंवा अनियमित पाळी, चेहऱ्यावर जास्त केस
- मूल स्वतःच केस उपटत असेल, किंवा केसांमुळे शाळेत जाणे टाळत असेल

लोहाची कमतरता, थायरॉइड किंवा पीसीओएस यांची तपासणी करावी का, हे डॉक्टर ठरवतील. जाहिरात पाहून बायोटिनच्या गोळ्या सुरू करू नका.

सूत्रे मुलांच्या हाती कशी द्यावीत?

पहिले काही आठवडे तुम्ही करा आणि तिला आरशात पाहू द्या. मग डोक्याचा पुढचा अर्धा भाग तिचा, मागचा तुमचा. त्यानंतर सगळे तिच्यावर सोडा आणि मागितली तरच मदत करा. मुलग्यांनाही हेच शिकवा. केस आखूड असले तरी कंडिशनर लागतोच.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती महिनाभर करून पाहा. पाच बाटल्या एकदम आणल्या तर कशाने फायदा झाला ते कळत नाही आणि पैसेही जातात. सुरुवातीला सौम्य शाम्पू, कंडिशनर आणि मोठ्या दातांचा कंगवा एवढेच पुरे.

सुरुवातीला केस कधी चिकट राहतील, कधी एका बाजूने फुलतील. तेव्हा "बघ, सांगितलं होतं" म्हणण्याऐवजी "उद्या जेल थोडं कमी लावून बघ" एवढेच म्हणा. आपले केस आपल्याला सांभाळता येतात, हे एकदा मुलाला उमगले की सरळ करण्याचा हट्ट अनेकदा आपोआप मागे पडतो.