संगणकांची दाटी आणि तिची छाटणी

मुंबई-पुण्याच्या एखाद्या सुशिक्षित कुटुंबांत संगणक किती आहेत असें विचारलें, तर उत्तर देणारा दोन म्हणतो, आणि शोध घेतला म्हणजे पांच निघतात. एक टेबलावर, एक मुलाच्या खोलींत, एक सुनेबरोबर कचेरींत गेलेला, आणि दोन माळ्यावर, जुन्या पितळी भांड्यांच्या शेजारीं. माळ्यावरचे दोन कोणी वापरीत नाहीं आणि ते कोणाला टाकवतही नाहींत. कारण त्यांत काय आहे हें कोणालाच नक्की सांगतां येत नाहीं. ही अडचण घरगुती दिसते खरी. परंतु मोठमोठ्या कंपन्यांना, आणि एका बलाढ्य सरकारालाही, तिनें घेरलें होतें.

आरंभीं प्रश्न अगदीं उलट होता. भारतांतील पहिला अंकीय संगणक १९५५ सालीं इंग्लंडांतून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत आला. मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः बांधलेलें यंत्र १९६० सालीं चालूं झालें आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. परंतु स्मरणशक्ति एवढीच, कीं तींत चार-पांच पानांचा इंग्रजी मजकूर मावावा. तरीही त्या एकट्या यंत्रावर अनेक संस्थांचीं गणितें सोडविलीं जात. यंत्र एक आणि गरजवंत अनेक, अशी ती स्थिति होती.

एका यंत्रावर अनेकांची सोय कशी लावावी, याचा विचार अमेरिकेंत फार बारकाईनें झाला. १९६१ च्या नोव्हेंबरांत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत फर्नांडो कोर्बाटो यांनीं कालविभागणीची पद्धति प्रत्यक्ष चालवून दाखविली. यंत्रानें क्षणभर एकाचें काम करावें, क्षणभर दुसऱ्याचें. आणि तें इतक्या वेगानें, कीं प्रत्येकाला यंत्र आपलेंच वाटावें. त्याच वर्षीं जॉन मॅकार्थी यांनीं एका व्याख्यानांत असें भाकीत केलें, कीं गणनशक्ति ही पुढें टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होऊं शकेल. पाठोपाठ आय. बी. एम. कंपनीच्या केंब्रिज येथील प्रयोगशाळेनें याहून विलक्षण करामत केली. १९६७ सालीं त्यांच्या एका संगणकाच्या पोटांत एकाच वेळीं १४ संगणक नांदूं लागले. ते चौदाही केवळ आभासी. परंतु प्रत्येकावर काम करणाऱ्यास आपणांपुढें पुरा संगणक आहे असाच अनुभव येई. १९७२ सालीं ही व्यवस्था बाजारांतही आली.

इतकी उत्तम युक्ति हातीं असतांना पुढें संगणकांची गर्दी कां झाली, असा प्रश्न श्रोत्यांस पडेल. उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर स्वस्ताई. १९७५ च्या जानेवारींत 'अल्टेअर' नांवाचा, घरीं जोडावयाचा छोटा संगणक पुढें आला. १९८१ सालीं आय. बी. एम. चा वैयक्तिक संगणक निघाला. रांगेंत उभें राहण्याचा ज्यांस कंटाळा आला होता त्यांना आपलें यंत्र मिळालें, आणि त्यांचा आनंद मुळींच खोटा नव्हता. दुसऱ्याच्या मर्जीवर न अवलंबण्याचें मोल मोठें असतें. कचेऱ्यांतून मात्र निराळीच रीत पडली. एका यंत्रावर दोन कामें ठेवलीं तर एकाच्या बिघाडानें दुसरें बसे. म्हणून पत्रव्यवहारास एक सर्व्हर, हिशेबास दुसरा, छपाईस तिसरा, असे प्रत्येक कामाला स्वतंत्र यंत्र देण्यांत येऊं लागलें. बहुतेक यंत्रें बहुतेक वेळ रिकामीं बसत. आणि रिकामें यंत्र फुकट बसत नाहीं. त्या काळचा सर्व्हर कांहीं न करतांही भरल्या कामाच्या निम्म्याच्या आसपास वीज खात असे, शिवाय त्याची उष्णता घालविण्यास वेगळी वीज लागे ती निराळीच.

यावर उतारा म्हणून जुनीच युक्ति नव्यानें शोधावी लागली. अडचण अशी, कीं स्वस्त संगणकांतील इंटेलच्या घडणीचे प्रक्रियक आभासी यंत्रें पोटांत घेण्याच्या दृष्टीनें रचलेले नव्हते. आभासी संगणकाच्या तोंडून निघालेल्या त्यांच्या कांहीं आज्ञा वेगळाच अर्थ घेत, आणि तेंही चुपचाप. १९९८ सालीं स्थापन झालेल्या 'व्हीएमवेअर' या कंपनीनें अशा आज्ञा चालतां चालतां बदलून देण्याची तोड काढली. दहा यंत्रांचीं कामें एका यंत्रावर, तीं एकमेकांच्या पायांत न येतां, पुन्हां नांदूं लागलीं.

साधन मिळालें, आतां मोजणी. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा अनुभव या बाबतींत फार बोधप्रद आहे. त्या सरकारचीं डेटा सेंटरें, म्हणजे सर्व्हरांचीं कोठारें, १९९८ सालीं ४३२ होतीं. २००९ पर्यंत तीं १,१०० च्या वर गेलीं. २०१० सालीं तेथील मुख्य माहिती-अधिकारी विवेक कुंद्रा यांनीं तीं कमी करण्याची मोहीम हातीं घेतली. खात्याखात्यांतून याद्या मागविल्या, तेव्हां आंकडा २,०९४ भरला. पुढें व्याख्या बदलली. पूर्वीं ५०० चौरस फुटांहून लहान खोली मोजीत नसत. आतां कोपऱ्यांतील लहानशी खोलीही मोजावयाची ठरली. २०१५ पर्यंत यादी १०,५८४ वर जाऊन पोहोंचली! त्यांपैकीं ३,१२५ बंद केल्याचें खात्यांनीं कळविलें. छाटणीस निघालेल्या सरकारला आपल्या घरांत काय आहे तें प्रथमच दिसलें, आणि जें दिसलें तें आरंभीं समजलेल्या संख्येच्या कित्येक पट होतें. याबद्दल त्यास हंसण्याचें कारण नाहीं. मोजणी केली हेंच मोठें काम झालें.

खासगी कंपन्यांचीही गत फारशी वेगळी नव्हती. २०१५ सालीं जोनाथन कूमी व जॉन टेलर या दोघां अभ्यासकांनीं सुमारें ४,००० सर्व्हर तपासले. त्यांतील शेंकडा ३० च्या जवळपास यंत्रांनीं सहा महिने किंवा अधिक काळ उपयोगाचें कांहींच केलेलें नव्हतें. तीं वीज घेत होतीं, एवढेंच. अशीं यंत्रें कोणी बंद कां करीत नाहीं? बंद केल्याबद्दल शाबासकी मिळत नाहीं, आणि चुकून कामाचें यंत्र बंद झालें तर नोकरीवर येतें. हें ओळखून 'अपटाइम इन्स्टिट्यूट' या संस्थेनें २०११ सालीं एक गमतीची शर्यत लावली. रानोमाळ भटकलेलीं गुरें गोळा करण्यावरून तिचें नांव 'सर्व्हर राउंडअप' ठेवलें, आणि बक्षीस काय, तर गुराख्यांच्या कमरपट्ट्याचें बकल! 'ए. ओ. एल.' कंपनीनें ९,४८४ सर्व्हर काढून तें पटकावलें. ज्या कारकुनी भीतीला मोठमोठे अहवाल हलवूं शकले नव्हते, तिला एका बकलानें थोडें हलविलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

काढलेल्या यंत्रांचीं कामें सर्वच नाहींशीं होत नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. २००६ सालीं ॲमेझॉन कंपनीनें आपल्या कोठारांतील गणनशक्ति तासाच्या हिशेबानें भाड्यानें देण्यास आरंभ केला, आणि मॅकार्थींचें भाकीत पंचेचाळीस वर्षांनीं खरें झालें. तेव्हांपासून पुष्कळांनीं आपलीं यंत्रें काढलीं तीं त्या मोठ्या कोठारांच्या भरंवशावर. घरचें यंत्र गेलें, वीज वांचली, जागा मोकळी झाली. किल्ली मात्र दुसऱ्याच्या कमरेला गेली. टिफ्रॅकच्या काळीं यंत्र वांटून घेणाऱ्यांना यंत्र कोणाचें आहे हें निदान ठाऊक असे.

अमेरिकन सरकारच्या मोहिमेचा पुढचा भागही थोडा ऐकण्यासारखा आहे. २०१९ सालीं डेटा सेंटरची व्याख्या पुन्हां बदलली, या वेळीं आकुंचित केली. आणि लहान खोल्या मोजणींतून वगळल्या. २०२० सालीं तेथील सरकारी लेखापरीक्षकांनीं त्यावर बोट ठेवलें. खोल्या होत्या तेथेंच होत्या. यादींतून तेवढ्या गेल्या होत्या.