लाल कॅलिपर आणि पडदे रंगवणारे पेंटर

हल्ली कोल्हापुरात पोरं दारातच गाडी जॅकवर घेऊन ब्रेक कॅलिपरला लाल कलर मारतात. काहीजण नावं ठेवतात, मी नाही ठेवत. रंग आणि यंत्र या गावात एकाच हातात नांदलंय.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतभाऊ नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ ला गेले; बाबूरावांनी १९१८ ला तो पुरा केला आणि १९२० ला 'सैरंध्री' आला. पुढं उद्यमनगर वाढलं, फाउंड्र्या आल्या.

डिस्क ब्रेकचं पेटंट लँचेस्टरनं १९०२ ला इंग्लंडात घेतलं. १९५३ ला जॅग्वारनं त्याच ब्रेकवर ल माँची शर्यत मारली. बऱ्याच गाड्यांचे कॅलिपर बिडाचेच, म्हणून आपल्या पावसात गंजतात.

तेव्हा कलर मारा की! पण साधा ऑइलपेंट नको, उष्णता सोसणारा घ्या. गंज तारेच्या ब्रशनं काढा. पिस्टनचं रबर, ब्लीडर, पॅड, डिस्क टेपनं झाका. गाडी नुसत्या जॅकवर सोडू नका, खाली स्टँड लावा. आणि चाक निघालंच आहे तर पॅडची जाडीही बघा; गगनबावड्याचा घाट उतरताना तीच लागते.