तळटीप १७ : वॉरन डी ला रू
१७. वॉरन डी ला रू (१८१५–१८८९) : गर्न्सी बेटावर जन्मलेले ब्रिटिश रसायनज्ञ व खगोलशास्त्रज्ञ. मजकुरातील ‘दोन्ही शास्त्रांतले निबंध’ म्हणजे पुढील काम. ह्यूगो म्युलर यांच्यासह त्यांनी १८६८ मध्ये सिल्व्हर क्लोराइडचा विद्युत्‌घट मांडला व पुढे असे ११,००० घट जोडून विरल वायूंतील विद्युत्‌विसर्जन अभ्यासले. १८ जुलै १८६० च्या खग्रास ग्रहणात त्यांनी स्पेनमधील रिवाबेयोसा येथून छायाचित्रे घेतली. चंद्र सरकला तशा त्याच्या काळ्या बिंबाभोवती दिसणाऱ्या ज्वाळांपैकी एका बाजूच्या झाकल्या गेल्या, दुसऱ्या बाजूच्या उघड्या पडल्या. त्यावरून त्या सूर्याच्याच असल्याचे ठरले. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना १८६२ मध्ये सुवर्णपदक दिले; पुढे केमिकल सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

लेखकाने वापरलेला ‘एच-निर्देशांक’ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये सुचवला : किमान २० वेळा उद्धृत झालेले २० निबंध असतील, तर निर्देशांक २०. उद्धृतांची पद्धतशीर सूची १९६४ पासूनची (सायन्स सायटेशन इंडेक्स) आणि प्रत्येक शास्त्रात उद्धृत करण्याचे प्रमाण वेगळे. त्यामुळे हा आकडा डी ला रू यांना लावू नये. त्यांचा प्रभाव पुढील संशोधकांनी चालवलेल्या सौर छायाचित्रणात पाहावा. — संपा.