हरित बंदरांची वाटचाल : वीज हाती, इंधन दूर

म्हैसूर शहर समुद्रापासून दूर आहे. तथापि बंदराशी त्याचा संबंध थेट स्वयंपाकघरापर्यंतचा आहे. मंगळूरहून हासन व म्हैसूरमार्गे सोलूरपर्यंत गेलेल्या वाहिनीतून स्वयंपाकाचा गॅस अंतर्भागात पोहोचतो आणि परदेशातून येणारा असा गॅस पणंबूर येथील नवीन मंगळूर बंदरात उतरतो. त्यामुळे बंदरातील ऊर्जा स्वच्छ करण्याचा प्रश्न केवळ किनारपट्टीचा राहिलेला नाही.

उद्दिष्टे कोणती?

तत्कालीन म्हैसूर राज्याच्या काळात उभारणी सुरू झालेले हे बंदर ४ मे १९७४ रोजी देशातील नववे प्रमुख बंदर म्हणून घोषित झाले. देशातील प्रमुख बंदरांसाठी केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार हाताळलेल्या प्रत्येक टन मालामागील कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी, तर २०४७ पर्यंत ७० टक्क्यांनी कमी करावयाचे आहे. बंदरांच्या वीजवापरात अपारंपरिक ऊर्जेचा वाटा याच मुदतींत अनुक्रमे ६० व ९० टक्के व्हावा, अशी अपेक्षा आहे. कार्यालये, दिवे आणि विजेवरील यंत्रे यांसाठी नवीन मंगळूर बंदराने सौरऊर्जेचा मार्ग अवलंबिला आहे.

धक्क्यावरील जहाज

खरी अडचण पुढे आहे. धक्क्याला लागलेल्या जहाजावरही दिवे, पंप आणि शीतयंत्रणा यांसाठी वीज लागते. त्यासाठी जहाजावरील डिझेल जनित्रे अहोरात्र चालतात आणि त्यांचा धूर बंदरालगतच्या वस्त्यांवर पसरतो. किनाऱ्यावरून वीज पुरविल्यास ही जनित्रे बंद ठेवता येतात. मात्र भारतातील वीज ५० हर्ट्झची, तर अनेक जहाजांची यंत्रणा ६० हर्ट्झची असते. त्यामुळे खर्चिक परिवर्तक बसवावे लागतात. जोडणी नसलेल्या जहाजाला या सोयीचा उपयोग नाही आणि सोय नसलेल्या बंदरासाठी जहाजमालक खर्च करीत नाही. शिवाय देशातील बहुतांश वीज आजही कोळशापासून तयार होते. त्यामुळे धक्का धूरमुक्त झाला, तरी त्या धुराचा मोठा भाग वीज केंद्राकडे सरकतो.

पर्यायी इंधने

खोल समुद्रातील प्रवास बॅटरीवर शक्य नाही. तेवढीच ऊर्जा मिळविण्यासाठी मिथेनॉलला जड इंधन तेलाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. अमोनिया विषारी आहे. हायड्रोजन द्रवरूपात साठवायचा, तर उणे २५३ अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते. ही इंधने कोळसा वा नैसर्गिक वायूपासून बनविली, तर कार्बनची बचत नाममात्रच राहते.

महाराष्ट्रात

बंदरातल्या बंदरात फिरणाऱ्या नौकांचे काम तुलनेने सोपे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेल्या हरित टग योजनेच्या पहिल्या टप्प्यात न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचा समावेश आहे. कांडला, पारादीप व तुतिकोरिन ही अन्य तीन बंदरे असून प्रत्येकाने २०२७ अखेर किमान दोन हरित टग घ्यावयाचे आहेत.

जागतिक पेच

जगातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात नौवहनाचा वाटा सुमारे ३ टक्के आहे. २०५० च्या सुमारास ते निव्वळ शून्यावर आणण्याचे ध्येय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये स्वीकारले. परंतु त्यासाठी जहाजांच्या उत्सर्जनावर मोल आकारण्याच्या आराखड्याचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये एक वर्षाने लांबणीवर पडला. स्वच्छ इंधनाच्या वाढीव किमतीचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न त्यामुळे अनिर्णितच राहिला.

नवीन मंगळूर बंदराचा पेच तर दुहेरी आहे. खनिज तेल, गॅस आणि कोळसा हाच त्याच्या मालवाहतुकीचा मोठा भाग आहे. जे इंधन मागे टाकावयाचे, त्याच्याच वाहतुकीवर बंदराचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.